त्रेचाळीस बल्ब आणि एक मालगाडी

वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या मुलखात येगर नावाचं लहानसं गाव आहे. तिथे २ ऑगस्ट १९५६ च्या रात्री काढलेला एक फोटो जगभर गाजला. ड्राइव्ह-इन सिनेमाचं मैदान, रांगेनं उभ्या असलेल्या मोटारी, समोरच्या पडद्यावर झेपावणारं जेट विमान. पडद्याच्या शेजारून, मागच्या रुळांवरून वाफेचं भलंमोठं इंजिन मालगाडी ओढत पूर्वेकडे निघालं आहे आणि त्याच्या धुराड्यातला पांढराशुभ्र लोट काळ्या आकाशात पसरला आहे. अगदी पुढे, उघड्या टपाच्या ब्युइकमध्ये एक तरुण जोडपं बिलगून बसलं आहे. गाडीकडे कुणी बघतही नाही. रोजचीच गाडी, तिच्याकडे काय बघायचं!

या फोटोतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट जुळवून आणलेली होती. ब्युइक फोटोग्राफरची स्वतःची होती आणि ते जोडपं त्यांनीच तिथे बसवलं होतं. एकूण त्रेचाळीस फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटले. तो उजेड इतका होता की पडद्यावरचं चित्र पार पुसलं गेलं, म्हणून विमानाचं दृश्य वेगळं टिपून नंतर छापताना त्या जागी बसवावं लागलं. खरी होती ती गाडी. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचं १२४२ क्रमांकाचं इंजिन त्या रात्री खरोखरच तिथून गेलं आणि पुढच्या चार वर्षांत त्या मार्गावरची वाफेची सगळीच इंजिनं गेली.

फोटोग्राफरचं नाव ओगल विन्स्टन लिंक. जन्म १६ डिसेंबर १९१४, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनमध्ये. वडील शाळेत सुतारकाम शिकवत. हत्यारं हाताळण्याची, वस्तू स्वतः बनवून बघण्याची सवय मुलाला घरातूनच लागली. त्यांनी १९३७ मध्ये ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पण इंजिनिअर म्हणून नोकरी न करता ते एका जनसंपर्क कंपनीत फोटोग्राफर झाले. कंपन्यांच्या मालाचे असे फोटो काढायचे की वर्तमानपत्रांना ते बातमी म्हणून छापावेसे वाटतील, हे तिथलं काम. साध्यासुध्या वस्तूभोवती प्रसंग रचायचा, माणसं उभी करायची आणि तरीही चित्र सहज वाटलं पाहिजे, हे कसब त्यांनी तिथे कमावलं. दुसऱ्या महायुद्धात ते कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या एका प्रयोगशाळेत होते. खाली उडणाऱ्या विमानातून पाण्याखालची पाणबुडी शोधून काढणाऱ्या चुंबकीय उपकरणावर तिथे काम चाले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला स्वतःचा स्टुडिओ काढला. टायर, तेल, ॲल्युमिनियम अशा मोठ्या उद्योगांची जाहिरातीची कामं येत होती. धंदा चांगला चालला होता.

जानेवारी १९५५ मध्ये ते एअर कंडिशनरच्या जाहिरातीच्या कामासाठी व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन या गावी गेले. जवळच्या वेन्सबरोवरून नॉरफोक अँड वेस्टर्नची एक शाखा जात होती. लिंक यांना लहानपणापासून वाफेच्या इंजिनांचं वेड. संध्याकाळी काम आटोपून ते वेन्सबरोच्या स्टेशनवर गेले. देशभर डिझेल आलेलं असताना इथे मात्र रात्रीच्या गाड्या अजून वाफेवर धावत होत्या. स्टेशन स्वच्छ, इंजिनं तेल घालून लखलखीत ठेवलेली, माणसं आपल्या कामात चोख. दुसऱ्या दिवशी, २१ जानेवारीच्या रात्री, त्यांनी तिथे पहिला फोटो काढला. मग रेल्वे कंपनीला पत्र लिहिलं की मला तुमच्या गाड्यांचे रात्रीचे फोटो काढायचे आहेत. पैसे नकोत, फक्त परवानगी आणि सहकार्य हवं. कंपनीचे अध्यक्ष आर. एच. स्मिथ यांनी होकार दिला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीनं डिझेलकडे वळण्याची पहिली घोषणा केली, म्हणजे लिंक पोचले ते अगदी शेवटच्या घटकेला.

नॉरफोक अँड वेस्टर्न ही रेल्वे थोडी समजून घ्यायला हवी. तिचं जिणं कोळशावर होतं. ॲपलाचियन डोंगरांतल्या खाणींतला कोळसा समुद्रावर नॉरफोकच्या बंदराकडे आणि दुसऱ्या बाजूला ओहायोकडे न्यायचा, हा तिचा मुख्य धंदा. जो माल वाहायचा तोच भट्टीत जाळायचा, मग डिझेल विकत कशाला घ्या? शिवाय बहुतेक अमेरिकन रेल्वे कंपन्या इंजिनं बाहेरच्या कारखान्यांकडून घेत असताना ही कंपनी रोअनोक शहरातल्या आपल्या कारखान्यात, आपल्याच इंजिनिअरांनी आखलेली इंजिनं बांधत होती. वेगवान मालगाड्यांसाठी ‘ए’ वर्ग, डोंगर चढायला अजस्र ‘वाय-६’ आणि प्रवासी गाड्यांसाठी काळ्या, निमुळत्या नाकाची ‘जे’ वर्गाची इंजिनं. जे वर्गाची फक्त चौदा बांधली, १९४१ ते १९५० या काळात, आणि माझ्या मते त्यांच्याइतकी देखणी इंजिनं अमेरिकेत दुसरी झाली नाहीत. तेलपाणी करून इंजिन पुन्हा कामावर पाठवायला या कंपनीच्या शेडना फार थोडा वेळ लागे. रोअनोकच्या कारखान्यातून वाफेचं शेवटचं इंजिन बाहेर पडलं १९५३ मध्ये. सात वर्षांनी, मे १९६० मध्ये, वाफ बंद झाली. भंगारात गेलेली कितीतरी इंजिनं धडधाकट होती. त्यांना म्हातारपण आलंच नव्हतं.

आता लिंक यांच्या कामाकडे येतो, कारण त्यांची कारागिरी कळल्याशिवाय त्या फोटोंचं मोल कळत नाही.

रात्रच का? त्यांचं उत्तर इंजिनिअरचं होतं. सूर्य हवा तिथे कधीच नसतो आणि त्याला हलवता येत नाही, रूळही हलवता येत नाहीत. मग उजेड तरी आपल्या हातात असावा. रात्री सगळा मुलूख काळा होतो आणि आपण जेवढं उजळू तेवढंच उरतं. विजेच्या तारा, पत्र्याच्या शेड, नको असलेली सगळी गर्दी अंधार गिळून टाकतो. आणि दिवसा करडी, मळकट दिसणारी वाफ फ्लॅशच्या उजेडात काळ्या आकाशावर कापसासारखी उमलते.

पण धावती गाडी रात्री उजळायची कशी? शंभर-दीडशे फूट लांबीचं काळं लोखंड, ते वेगानं पुढे जाणारं, आणि आसपास घर, नदी, माणसं. ही सगळी एकाच क्षणी दिसायला हवीत. बाजारात अशा कामासाठी तयार काहीच नव्हतं. लिंक यांनी फ्लॅशबल्बचे रिफ्लेक्टर स्वतः घडवले, काहींमध्ये अनेक बल्ब बसतील असे. सगळ्यांना एकदम वीज पुरवणारी पेटीही स्वतः बांधली. कॅमेरे ४ बाय ५ इंचांच्या फिल्मचे, तिपाईवर रोवलेले. बऱ्याचदा दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी, एकाच बटणावर चालवायचे. मधे तारांचं जाळं. ते रुळांपलीकडे, कधी ओढ्यापलीकडे, कधी घरांच्या छपरांवर पसरलेलं असे.

आणि बल्ब जोडलेले एकामागोमाग एक, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जिला एकसर जोडणी म्हणतात तशी. तिचा तोटा सगळ्यांना माहीत आहे, एक दुवा तुटला की सगळंच बंद. लिंक यांनी तोच तिचा गुण मानला. अर्धे बल्ब पेटून अर्धवट उजळलेला फोटो त्यांना नकोच होता. लागले तर सगळे लागतील, नाहीतर एकही नाही. फ्लॅशबल्ब एकदाच पेटतो आणि जळून जातो. म्हणजे एका गाडीला एकच फोटो. दिवसभर तारा ओढायच्या, जोडण्या तपासायच्या, माणसांना त्यांच्या जागा दाखवायच्या, अंधार पडल्यावर वाट बघत बसायचं. गाडी आली, बटण दाबलं, संपलं. जमलं की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळणार. यासाठी एक-दोन मदतनीस बरोबर असत. मार्च १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे. त्यात लिंक आणि त्यांचे मदतनीस जॉर्ज थॉम त्या साऱ्या सरंजामात उभे आहेत. रिफ्लेक्टर, तिपाया, तारांची वेटोळी बघून एखादी नाटक कंपनी दौऱ्यावर निघाली आहे असं वाटतं.

हे सगळं स्वतःच्या खर्चानं. पोटापाण्याचं काम न्यूयॉर्कला आणि जमेल तेव्हा व्हर्जिनियाची फेरी. अशा साधारण वीस फेऱ्यांमध्ये त्यांनी सुमारे २,४०० फोटो काढले.

इंजिनांचे फोटो काढणारे हौशी लोक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये तेव्हाही शेकड्यांनी होते. बहुतेकांची पद्धत ठरलेली. ऊन पाठीशी, गाडी तिरकी येताना, चाकं आणि दांडे स्वच्छ दिसताहेत, माणूस शक्यतो चौकटीबाहेर. लिंक यांनी माणसांना आत घेतलं. लिथिया गावातल्या एका घरातला फोटो बघा. दिवाणखान्यात बाई खुर्चीत बसल्या आहेत, लहान मुलगा खिडकीशी उभा राहून हात हलवतो आहे आणि खिडकीबाहेर, अगदी अंगणातून जावी तशी गाडी चालली आहे. ल्युरे गावचा ओढा बघा. उन्हाळ्याच्या रात्री मुलं पाण्यात डुंबताहेत आणि वरच्या पुलावरून गाडी जाते आहे. व्हेसुव्हियस गावचा पेट्रोल पंप बघा, वीज गेली तरी चालेल असा हातानं ओढायचा जुना पंप, शेजारी मोटार आणि मागून उजळून निघालेली गाडी. नॉर्थफोर्क गावात तर बाजारपेठेच्या रस्त्याला खेटूनच रूळ. दुकानं, पाट्या, उभ्या मोटारी आणि त्यांच्या डोक्यावरून वाफेचा लोट.

या मुलखात रेल्वे घरात शिरलेली होती. कुणाचा बाप फायरमन, कुणाचा भाऊ कारखान्यात, कुणी सांधेवाला. घड्याळ गाडीवर लागे, झोप गाडीच्या आवाजात येई. ज्यांना आपल्याकडे भुसावळ, दौंड, कुर्डुवाडी ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लिंक यांना हे नातं कळलं, आणि ते दाखवायचं तर इंजिन चौकटीच्या मधोमध असून चालणार नाही, हेही कळलं. त्यांच्या कितीतरी उत्तम फोटोंत गाडी मागे आहे, एका कडेला आहे, आणि पुढे कुणीतरी आपलं काम करतं आहे.

एक फोटो दिवसाचा आहे, तरीही मला तो सर्वांत आवडतो. ॲबिंगडनहून डोंगरात चढत नॉर्थ कॅरोलायनाकडे जाणारी एक शाखा होती. तिच्या मिश्र गाडीला लोक ‘व्हर्जिनिया क्रीपर’ म्हणत, कारण ती सरपटल्यासारखी चाले. ग्रीन कोव्ह नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर १९५६ च्या शरद ऋतूत लिंक यांनी तिला गाठलं. स्टेशनात शिरणारं जुनं इंजिन, आणि पुढे घोडागाडीला जुंपलेली मॉड नावाची घोडी. नेमक्या त्या क्षणी घोडीनं मान खाली घातली. फोटोचं नावच ‘मॉड क्रीपरला वंदन करते’ अशा अर्थाचं आहे. घोडागाडीचं युग आगगाडीनं संपवलं आणि आता आगगाडीच्या वाफेचं युग संपत आलेलं. दोन्ही म्हाताऱ्या एका चौकटीत भेटल्या आहेत. तिथले रूळ १९७७ मध्ये उखडले. त्या वाटेवर पुढे पायी चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग झाला आणि ग्रीन कोव्हचं स्टेशनही जपलं गेलं.

लिंक यांनी आवाजही टिपला. जड टेप रेकॉर्डर घेऊन ते घाटात, स्टेशनांवर जात. ‘साउंड्स ऑफ स्टीम रेलरोडिंग’ या मालिकेतली पहिली ध्वनिमुद्रिका १९५७ ची, पुढे आणखी निघाल्या. त्यातलं सर्वांत गाजलेलं ध्वनिमुद्रण १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्रीचं, रूरल रिट्रीट गावातलं. चर्चच्या घंटांवर नाताळची गाणी वाजताहेत, दुरून ४२ नंबरची ‘पेलिकन’ गाडी शिट्टी देत येते, स्टेशनवर थांबते आणि पुन्हा जोर लावत निघून जाते. घंटा त्या वेळी वाजाव्यात, ही व्यवस्था लिंक यांचीच. ज्यानं लहानपणी रात्री अंथरुणात पडून दूरची गाडी ऐकली आहे, त्यानं ते एकदा ऐकावंच.

आक्षेप सोपा आहे. सगळं रचलेलं, मग हे दस्तऐवज कसले? मला हा आक्षेप टिकाऊ वाटत नाही. लिथियाच्या घरातला मुलगा एरवीही गाडीला हात करत होता. ल्युरेची मुलं त्या ओढ्यात एरवीही पोहत होती. लिंक यांनी त्यांना फक्त ठरलेल्या वेळी तेच करायला सांगितलं, कारण त्रेचाळीस बल्ब योगायोगाची वाट बघत बसू शकत नाहीत. दुसरा आक्षेप मात्र मी मानतो. पन्नाशीच्या दशकातला व्हर्जिनिया हा वर्णभेदाचा मुलूख होता. शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या. लिंक यांचं लक्ष जे सुंदर, जे हरवत चाललंय त्याच्याकडे होतं, आणि त्या समाजाची ही बाजू त्यांच्या फोटोंत जवळजवळ येतच नाही. फोटो बघताना हे लक्षात ठेवायला हवं. त्यानं त्यांची किंमत कमी होत नाही, पण ते संपूर्ण चित्र आहे असंही कुणी समजू नये.

मे १९६० नंतर लिंक आपल्या जाहिरातींच्या कामाकडे परतले. कलेच्या जगानं या फोटोंकडे बरीच वर्षं वळूनही पाहिलं नाही. काळ बदलला होता. रस्त्यावर हातात छोटा कॅमेरा घेऊन टिपलेल्या क्षणांचे दिवस आले होते आणि तारा पसरून रचलेली दृश्यं जुनाट ठरली होती. १९८३ मध्ये लंडनला, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि नॉरफोकच्या क्रायस्लर संग्रहालयात प्रदर्शनं झाली आणि मग नाव एकदम वर आलं. १९८७ मध्ये ‘स्टीम, स्टील अँड स्टार्स’ आणि १९९५ मध्ये ‘द लास्ट स्टीम रेलरोड इन अमेरिका’ ही पुस्तकं आली. दुसऱ्या पुस्तकाचं लेखन थॉमस गार्व्हर यांचं. तरुणपणी तेच लिंक यांच्या तारा ओढायला बरोबर असत. उतारवयात घरात एक दुःखद प्रकार मात्र घडला. दुसऱ्या पत्नीनं मोठ्या किमतीचे फोटो लांबवल्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९६ मध्ये तिला शिक्षा झाली. त्यावर लोकांनी पुष्कळ चवीनं लिहिलं, मी त्यात शिरत नाही. १९९९ च्या ‘ऑक्टोबर स्काय’ या चित्रपटात ते क्षणभर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर म्हणून दिसतात. तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशीच्या आसपास होतं.

३० जानेवारी २००१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटोना स्टेशनजवळ, आपल्या मोटारीत, हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. त्यांच्या फोटोंचं संग्रहालय रोअनोकमध्ये व्हावं असं आधीच ठरलं होतं. जानेवारी २००४ मध्ये ते उघडलं, नॉरफोक अँड वेस्टर्नच्याच जुन्या प्रवासी स्टेशनात. ती इमारत १९४९ मध्ये रेमंड लोवी या नामांकित डिझायनरनं नव्यानं घडवली होती. रेल्वेच्या माणसांचं शहर, रेल्वेचंच स्टेशन आणि आत भिंतींवर त्याच माणसांच्या रात्री. लिंक ब्रुकलिनचे, पण रोअनोकनं त्यांना आपलं मानलं. त्याच शहरातल्या वाहतूक संग्रहालयाकडे जे वर्गातलं एकमेव उरलेलं ६११ क्रमांकाचं इंजिन आहे. मे १९५० मध्ये त्याच शहरात बांधलेलं, आणि २०१५ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा धावू लागलेलं. २०१७ पासून वॉशिंग्टनकडून रोअनोकपर्यंत प्रवासी रेल्वे पुन्हा सुरू झाली आहे. त्या भागात आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत. मुलांना घेऊन त्यांनी एकदा जरूर जावं.

आपल्याकडे वाफ बरीच उशिरा गेली. १९६० मध्ये लिंक यांचा शेवटचा हंगाम सरला, तेव्हा चित्तरंजनच्या रेल्वे कारखान्यात नवी वाफेची इंजिनं बांधली जात होती, आणि तो क्रम १९७२ पर्यंत चालला. ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफ १९९५ मध्ये संपली. विदर्भातली ‘शकुंतला’ मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे १९९४ पर्यंत वाफेवरच धावत होती. म्हणजे आपल्याला तब्बल साडेतीन दशकं जास्त मिळाली. या इंजिनांचे फोटो आहेत, अनेक परदेशी हौशी लोकांनी काढलेले, सुंदरही आहेत. पण भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन, रेल्वे चाळीतल्या संध्याकाळी, फाटकाशी थांबलेली बैलगाडी, डबा घेऊन शेडवर जाणारा पोरगा, यांचे फोटो कुठे असतील तर ते घरोघरच्या अल्बममध्येच.

लिंक यांनी आपल्या निगेटिव्ह क्रमांकानं लावून ठेवल्या. येगरच्या त्या फोटोचा क्रमांक एनडब्ल्यू ११०३. कुठला इंजिन क्रमांक, कुठलं गाव, कुठली तारीख, हे त्यांच्याकडे लिहिलेलं असे. म्हणून सत्तर वर्षांनंतरही त्या रात्रीचं सगळं सांगता येतं. मनमाड, भुसावळ, मिरज, कुर्डुवाडी, दौंड, मूर्तिजापूर अशा गावांत ज्यांचे आजोबा-वडील रेल्वेत होते, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. घरातले जुने फोटो बाहेर काढा. घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला आठवतंय त्याच्याशेजारी बसा, आणि प्रत्येक फोटोच्या मागे शिसपेन्सिलीनं माणसांची नावं, गाव, साल आणि दिसत असेल तर इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवा. हे काम या दिवाळीच्या सुटीतच करा.